हॅरी डीन स्टँटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा हॅरी डीन स्टँटन नेमका कोण?

नाव ऐकून काही आठवलं नाही तर बिघडत नाही. बहुतेकांचं असंच होतं: चेहरा दिसला की 'अरे, हा तर तो!' असं तोंडून निघतं आणि नाव काही केल्या आठवत नाही. खप्पड गाल, खोल गेलेले डोळे, कायम विस्कटलेले केस. 'एलियन'मधला टोपीवाला तंत्रज्ञ, 'द ग्रीन माइल'मधला, विजेच्या खुर्चीच्या तालमीला बसणारा म्हातारा कैदी, 'द गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात साक्षीदारावर पहारा ठेवणारा एफबीआयचा माणूस, 'प्रिटी इन पिंक'मध्ये मॉली रिंगवॉल्डचा खचलेला बाप. सगळीकडे हाच.

साठ वर्षांहून मोठी कारकीर्द, शंभराच्या आसपास चित्रपट आणि त्याशिवाय टीव्हीचं भरपूर काम. एवढ्या पसाऱ्यात चित्रपटाचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आहे अशी कामं दोनच. पहिलं मिळालं तेव्हा त्याचं वय ५७, दुसरं केलं तेव्हा नव्वदीला आलेलं.

चरित्र अभिनेता म्हणजे छोटी कामं करणारा, असंच ना?

अर्धं बरोबर. कामं छोटी असतात हे खरं, पण नायकाची गोष्ट ज्या जगात घडते ते जग खरं वाटायला लावणं हे या माणसांचं काम. नायक तुरुंगात जातो तेव्हा शेजारच्या खाटेवरचा कैदी खोटा वाटला, तर सगळा तुरुंगच खोटा वाटतो. हॉलिवूडमध्ये अशा नटांची मोठी परंपरा आहे आणि स्टँटन त्यातला अगदी वरच्या रांगेतला.

तो मूळचा कुठला?

केंटकीचा. १४ जुलै १९२६ रोजी वेस्ट आयर्विन नावाच्या लहानशा गावात जन्म. वडील तंबाखूची शेती करायचे आणि न्हावीकामही. हॅरी शाळेत असतानाच आईवडिलांचा घटस्फोट झाला.

दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजावर. काम आचाऱ्याचं. १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत त्याचं जहाज होतं. परत आल्यावर केंटकी विद्यापीठात पत्रकारिता आणि रेडिओ शिकायला लागला, तिथल्या गिन्यॉल नाट्यगृहात बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये काम केलं, आणि तिथले दिग्दर्शक वॉलेस ब्रिग्ज यांनी सांगितलं की हे शिक्षण सोड आणि नट हो. मास्तरांनी असा सल्ला देणं दुर्मिळच. त्यानं तो ऐकला, पदवी अर्धवट टाकली आणि कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाउसमध्ये दाखल झाला. मध्यंतरी एका पुरुष गायकवृंदाबरोबर देशभर हिंडणं झालं, मुलांसाठी बाहुल्यांचे खेळही झाले.

जुन्या चित्रपटांत त्याचं नाव 'डीन स्टँटन' असं का दिसतं?

त्याच काळात हॅरी स्टँटन नावाचा दुसरा एक नट होता. घोळ नको म्हणून याने आपल्या नावातला 'हॅरी' बरीच वर्षं बाजूला ठेवला.

नाव व्हायला इतका उशीर का लागला?

कारण पहिली दहा-बारा वर्षं तो फक्त वाईट माणूस होता. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकन टीव्हीवर काउबॉय मालिकांचा पूर आला होता: 'गनस्मोक', 'रॉहाइड', 'बोनान्झा'. दर आठवड्याला एक नवा दरोडेखोर लागायचा, आणि स्टँटनचा चेहरा त्या कामासाठी आयता होता. घोड्यावरून यायचं, धमकी द्यायची, गोळी खायची. हिचकॉकच्या 'द राँग मॅन'मध्येही (१९५६) तो आहे, पण श्रेयनामावलीत नाव नाही.

या काळातलं त्याचं काम मी जमेल तेवढं पाहिलंय आणि खरं सांगायचं तर ते खास नाही. तो अभिनय करताना दिसतो. डोळे बारीक करतो, ओठ वाकवतो, आपण खलनायक आहोत हे प्रेक्षकाला पटवायची धडपड करतो. नंतरच्या स्टँटनमध्ये यातलं काहीच उरलेलं नाही.

मग बदललं काय?

जॅक निकोल्सन. दोघं जिवलग मित्र. निकोल्सनच्या १९६२ मधल्या लग्नात स्टँटन बेस्ट मॅन, म्हणजे नवरदेवाचा पाठराखा, होता, आणि ते लग्न मोडल्यावर दोघं दोनेक वर्षं एकाच घरात राहिले. निकोल्सननं स्वतः लिहिलेल्या 'राइड इन द व्हर्लविंड' या वेस्टर्नमध्ये स्टँटनसाठी एका डाकूची भूमिका होती: नाव ब्लाइंड डिक, डोळ्यावर पट्टी. देताना त्यानं सांगितलं की यात काहीही करू नकोस. पात्र कपडे उभं करतील, तू तू राहा.

ही गोष्ट स्टँटन पुढे आयुष्यभर सांगत राहिला. आपला सगळा अभिनय तिथून सुरू झाला असं त्याचं म्हणणं.

'काही न करणं' हा काय अभिनय झाला? असं तर कुणीही करेल.

हा प्रश्न नेहमी येतो आणि रास्त आहे. करून बघा. मोबाइलचा कॅमेरा समोर ठेवा आणि दोन मिनिटं नुसते बसा. चेहरा लगेच काहीतरी करायला लागतो. भुवया हलतात, ओठ उगाच हसरे होतात, मान 'मी विचार करतोय' अशी तिरपी होते. समोर कुणी बघत असताना काहीच न दाखवता राहायला भलतीच हिंमत लागते, आणि त्याचबरोबर समोरचा काय बोलतोय ते खरोखर ऐकावं लागतं. स्टँटन ऐकतो. त्याचं अर्धं काम तेच आहे.

'एलियन' (१९७९) मधला त्याचा शेवटचा प्रसंग घ्या. गंमत म्हणजे निवडीच्या वेळीच त्यानं दिग्दर्शक रिडली स्कॉटला सांगून टाकलं होतं की मला विज्ञानपट आवडत नाहीत आणि राक्षसांचे चित्रपटही आवडत नाहीत. तरीही स्कॉटनं त्याला घेतलं. तो ब्रेट आहे, अंतराळयानाच्या इंजिनवर राबणारा माणूस. तोंडी शब्द जवळपास एकच: 'राइट'. सोबती पार्कर काहीही म्हणाला की याचं 'राइट'. वरच्या मजल्यावरच्या साहेबलोकांशी यांचं भांडण बोनसच्या वाट्यावरून आहे, अंतराळातल्या रहस्यांत यांना काडीचा रस नाही.

तर हा ब्रेट जोन्सी नावाचं मांजर शोधत एका उंच, अंधाऱ्या दालनात येतो. वरून साखळ्या लोंबतायत, पाणी ठिबकतंय. दुसऱ्या कुठल्याही नटानं इथे भीती दाखवली असती. स्टँटन काय करतो? टोपी काढतो, मान वर करतो आणि ते थंड पाणी चेहऱ्यावर पडू देतो. पाळी संपवून आलेला कामगार नळाखाली डोकं धरतो तसा. भीतीपटाच्या मधोमध, मरणाच्या मिनिटभर आधी, एका माणसाला जरा बरं वाटतं. म्हणून त्याचं मरण लागतं. बाकी तो राक्षस वगैरे ठीक.

असंच 'स्ट्रेट टाइम'मध्ये (१९७८). तो सुटून आलेला गुन्हेगार आहे. आता घर आहे, बायको आहे, मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव आहे, शेगडीवर मांस भाजतंय. डस्टिन हॉफमन भेटायला येतो. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, बायको आत जाते, आणि हा त्याच सुरात म्हणतो की मला इथून बाहेर काढ. आवाज चढत नाही, चेहरा हलत नाही. सुखवस्तू घराचा तुरुंग झालाय हे त्या एका वाक्यात कळतं.

'स्टँटन-वॉल्श नियम' काय आहे?

समीक्षक रॉजर ईबर्टनं अर्धवट गमतीत मांडलेला नियम: ज्या चित्रपटात हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत आहे तो चित्रपट अगदीच टाकाऊ असू शकत नाही. वॉल्श हाही तसलाच कसलेला चरित्र अभिनेता. 'स्ट्रेट टाइम'मध्ये दोघंही आहेत, म्हणजे तिथे नियम दुप्पट लागू.

नियमाला अपवाद सापडल्याचं ईबर्टनंच नंतर कबूल केलं. १९८९ चा 'ड्रीम अ लिटल ड्रीम' हा स्टँटनच्या बाजूचा अपवाद.

'पॅरिस, टेक्सास' बघायलाच हवा का?

हो. बाकी काही नाही पाहिलंत तरी चालेल.

आधी तो त्याला कसा मिळाला ते. सँटा फे इथल्या एका बारमध्ये नाटककार आणि नट सॅम शेपर्ड आणि स्टँटन पीत बसले होते. स्टँटनचं रडगाणं चाललं होतं: तेच ते गुंड करून वीट आलाय, काहीतरी सुंदर, हळवं करायला मिळावं. शेपर्ड तेव्हा जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्ससाठी पटकथा लिहीत होता. वेंडर्सच्या डोक्यात नायक म्हणून खुद्द शेपर्डच होता. शेपर्डनं नको म्हटलं आणि स्टँटनचं नाव सुचवलं.

चित्रपट सुरू होतो तेव्हा टेक्सासच्या वाळवंटात एक माणूस एकटा चालतोय. धुळकटलेला सूट, टाय, लाल बेसबॉल टोपी, हातात पाण्याचा प्लास्टिकचा कॅन. उरलेलं पाणी पितो आणि कॅन टाकून पुढे चालायला लागतो. हा ट्रॅव्हिस. चार वर्षं बेपत्ता होता. पहिली वीसपंचवीस मिनिटं तो तोंडातून शब्द काढत नाही. भाऊ त्याला न्यायला येतो, समजावतो, चिडतो, तरी गप्प. नायक मुका आणि प्रेक्षक खिळलेला, हे फार थोड्या चेहऱ्यांना जमलं असतं.

पण खरी कमाल शेवटी. ट्रॅव्हिसला दुरावलेली बायको सापडते ती ह्यूस्टनमधल्या एका ठिकाणी, जिथे गिऱ्हाईक काचेच्या या बाजूला बसतं आणि फोनवरून पलीकडच्या बाईशी बोलतं. त्याला ती दिसते, तिला तो दिसत नाही. ही भूमिका नस्तास्या किन्स्कीची. ट्रॅव्हिस खुर्ची फिरवतो, तिच्याकडे पाठ करतो आणि गोष्ट सांगायला लागतो: एक माणूस होता, एक मुलगी होती, तिच्यापेक्षा तो वयानं बराच मोठा होता. बराच वेळ चालणारं हे बोलणं. मत्सर, दारू, घराला लागलेली आग, सगळं तिसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. आवाज सपाट. मधेच श्वास अडतो, तेवढाच. ऐकता ऐकता तिला उमगतं की हे कोण बोलतंय. मग ती आपल्या बाजूचा दिवा घालवते आणि तो समोरचा दिवा स्वतःच्या चेहऱ्यावर वळवतो, तेव्हा कुठे ती त्याला बघू शकते.

चित्रीकरण सुरू झालं तेव्हा हा शेवट लिहूनच झाला नव्हता. शेपर्ड दुसऱ्या चित्रपटात अडकलेला, त्यामुळे हे संवाद त्यानं फोनवरून सांगितले आणि इकडे कुणीतरी उतरवून घेतले. फोनवर आलेलं बोलणं पडद्यावरही फोनवरच झालं, हा योगायोग मला भारी आवडतो.

१९८४ च्या कान महोत्सवात चित्रपटाला पाम दोर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. यापुढे एकही चित्रपट केला नाही तरी मी समाधानी असेन, अशा अर्थाचं स्टँटन म्हणाला होता.

त्यानंतर तो मोठा नायक का झाला नाही?

त्यालाच विचारायला हवं होतं. बाहेरून दिसतं ते इतकंच: त्याच वर्षी त्याचा 'रेपो मॅन' आला. हप्ते थकवणाऱ्यांच्या गाड्या ओढून आणणारा बड, पोऱ्याला धंद्याचे नियम शिकवणारा खमका उस्ताद. हे कामही अफलातून आहे. छायाचित्रणकार दोन्ही चित्रपटांना एकच, रॉबी म्युलर. आणि त्याच वर्षी 'रेड डॉन'मध्ये तो तारेच्या कुंपणाआडून पोरांना 'माझा सूड घ्या' असं ओरडणारा बापही झाला. म्हणजे एका वर्षात कानचा नायक, मोजक्या पण वेड्या चाहत्यांच्या 'कल्ट' विनोदीपटाचा आधारस्तंभ आणि एका भडक युद्धपटातली दोन मिनिटं. निवड करून करून काम घेणाऱ्याचं हे लक्षण नव्हे. काम आलं, केलं.

पुढेही तसंच. १९८८ मध्ये स्कोर्सेसीच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'मध्ये तो संत पॉल झाला. १९८६ च्या जानेवारीत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी टीव्ही कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं. २००६ पासून 'बिग लव्ह' या मालिकेत बहुपत्नी पंथाचा प्रमुख रोमन ग्रँट रंगवला, आणि हा त्याचा सगळ्यात थंड खलनायक. तरुणपणी डोळे बारीक करून जे साधलं नव्हतं ते इथे नुसत्या मऊ आवाजात साधलंय.

ऑस्कर?

नाही. नामांकनसुद्धा कधी नाही.

दिग्दर्शक डेव्हिड लिंचशी त्याचं इतकं का जमायचं?

लिंचला प्रसंग संपल्यावरही कॅमेरा चालू ठेवायची सवय, आणि स्टँटनला प्रसंग संपल्यावरही माणूस म्हणून तिथेच बसून राहता यायचं. 'वाइल्ड ॲट हार्ट', 'ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी', 'इनलँड एम्पायर', बरंच काम एकत्र झालं.

त्यातला 'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९) आवर्जून पाहावा. गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवातून विस्कॉन्सिनपर्यंत, आजारी भावाला भेटायला जाणाऱ्या ॲल्विन स्ट्रेट या म्हाताऱ्याची सत्यकथा. अख्खा चित्रपट आपण या भावाबद्दल ऐकत असतो. तो दिसतो अगदी शेवटी, वॉकरचा आधार घेत पडवीत येणारा स्टँटन. ते यंत्र बघतो आणि विचारतो की तू याच्यावर बसून मला भेटायला आलास? एवढंच बोलणं. मग त्याचे डोळे भरून येतात. दहा वर्षांचा अबोला मिटवायला दोन-तीन मिनिटांचं काम, आणि ते दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर सगळा प्रवास फुकट गेला असता.

२०१७ च्या नव्या 'ट्विन पीक्स' मालिकेत तो कार्ल रॉड म्हणून परतला. बागेत बाकावर बसलेला असताना रस्त्यावर एक लहान मुलगा गाडीखाली जातो. सगळे लांब उभे, थिजलेले. कार्ल उठून त्या आईजवळ जातो, वाकतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि नुसता तिच्याकडे बघतो.

तो गायचा म्हणतात, ते खरं?

खरंच, आणि चांगलं गायचा. 'कूल हँड ल्यूक'मध्ये (१९६७) कैदी म्हणून त्यानं म्हटलेली गाणी ऐका. लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये त्याचा स्वतःचा बँड वाजायचा: कंट्री, ब्लूज आणि मेक्सिकन गाण्यांची सरमिसळ, सोबत त्याचा माउथऑर्गन. सोफी ह्यूबर या स्विस दिग्दर्शिकेच्या 'पार्टली फिक्शन' (२०१२) या माहितीपटात तो प्रश्नांची उत्तरं टाळतो आणि त्याऐवजी गातो. लिंच त्याला विचारतो की लोकांनी तुला कसं लक्षात ठेवावं? उत्तर येतं, काही फरक पडत नाही.

घरचं आयुष्य?

लग्न केलं नाही. मलहॉलंड ड्राइव्हवरच्या घरात एकटा राहायचा, रात्री डॅन टॅनाज नावाच्या रेस्तराँच्या बारवर बसायचा. मार्लन ब्रँडो त्याला फोन करायचा आणि दोघं तासन्‌तास बोलायचे. १९९६ मध्ये तिघा सशस्त्र चोरट्यांनी घरात घुसून त्याला बांधलं आणि त्याची गाडी पळवली. गाडीत माग काढणारं यंत्र होतं, त्यामुळे सापडले.

शेवटचा चित्रपट कोणता?

आधी चित्रित झालेलं एखादं काम मागाहून आलं असेल, पण शेवटचा म्हणून 'लकी'च (२०१७) धरतात. दिग्दर्शक जॉन कॅरोल लिंच. डेव्हिड लिंचशी नातं नाही, हा स्वतः चरित्र अभिनेता आणि दिग्दर्शक म्हणून त्याची ही पहिली खेप.

लकी हा वाळवंटाच्या कडेच्या गावातला नव्वदीचा नास्तिक. सकाळी योगासनं, ग्लासभर दूध, सिगारेट, खानावळीत कॉफी आणि शब्दकोडं. लेखकांनी स्टँटनचंच आयुष्य उचललंय. लकीसुद्धा नौदलात आचारी होता. डेव्हिड लिंच इथे नट म्हणून आहे, हरवलेल्या कासवाच्या दुःखात बुडालेला. टॉम स्केरिट खानावळीत भेटतो आणि दोन म्हातारे सैनिक पॅसिफिकच्या आठवणी काढतात. 'एलियन'मधले दोन सहप्रवासी ३८ वर्षांनी समोरासमोर कॉफी पितायत, हे लक्षात आलं की तो प्रसंग वेगळाच दिसतो. आणि एका वाढदिवसाच्या मेजवानीत लकी अचानक 'वोल्वेर, वोल्वेर' हे मेक्सिकन गाणं म्हणायला लागतो. आवाज फाटलेला, सूर अजून जागेवर.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी तो गेला. 'लकी' अमेरिकेत चित्रपटगृहांत लागला त्यानंतर दोन आठवड्यांनी.

'ॲव्हेंजर्स'मध्ये होता तो हाच का?

हाच. आकाशातून पडलेल्या ब्रूस बॅनरला कपडे देणारा पहारेकरी. तो बॅनरला विचारतो की तू एलियन आहेस का? थिएटरमध्ये मागच्या रांगेतले चार जण उगाच हसले असतील तर ते का, हे आता कळलं असेल.

कुठून सुरुवात करू?

हातात एकच संध्याकाळ असेल तर 'पॅरिस, टेक्सास', शक्यतो रात्री आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सवड असेल तर 'एलियन' पुन्हा एकदा, पण या खेपेला फक्त ब्रेटवर नजर ठेवून. मग 'स्ट्रेट टाइम', 'रेपो मॅन', 'द स्ट्रेट स्टोरी'. 'लकी' लगेच लावू नका. आधीचा स्टँटन ओळखीचा झाल्याशिवाय त्यातली अर्धी मजा कळत नाही. 'रेड डॉन' सगळ्यात शेवटी, आणि तोही पावसामुळे घरात अडकला असाल तरच.